माझ्या हाताचा पसारा

नव्या ज्वारीचं पीठ हाताला लागलं की बायकांना बरं वाटतं. नव्या पिठाला विरी असते, ते एकमेकाला धरून राहतं, थापताना भाकरीची कड फाटत नाही. त्याला वासही असतो, कडब्याच्या गंजीजवळून जाताना येतो तसा. सगळ्यांना तो वास आवडतो. मला तो आला की राग येतो.

हे दिवसच तसे असतात. संक्रांतीला भरलेली गड्ड्याची जत्रा उठून गेलेली असते, तिच्याबरोबर थंडीही गेलेली असते, आणि सोलापूरचं ऊन सकाळच्या चहालाच दारात येऊन बसतं. लिंबाला फुलोरा येतो. त्याची बारीक पांढरी भुकटी अंगणात पडते, रोज झाडली तरी रोज पडते. गल्लीतली पोरं बगलेत पॅड धरून पेपरला निघतात आणि त्यांच्या आया दारात उभ्या राहून त्यांच्या तळहातावर दही-साखर ठेवतात. मी दार लोटून घेते. चौथीच्या पुढं मी कधी परीक्षेला बसले नाही. मोठेपणी माझी एकच परीक्षा झाली. ती कागदावर नव्हती, दुरडीत होती.

तेव्हा मी गौराक्काकडं भाकऱ्या करायची. गौराक्का म्हणजे आमच्या वस्तीतली कडक भाकरीवाली. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि रागावली की दोन्ही. पुढं रस्त्याला तिचं दुकान आणि मागं पत्र्याची लांब खोली. त्या खोलीत आम्ही पापडासारखी पातळ भाकरी थापायचो, तव्यावर भाजायचो आणि मग मंद निखाऱ्यावर ठेवून वाळवायचो. कुरकुरीत झाली की ती प्रवासात न्या, परगावी धाडा, काही होत नाही. पण ती पातळ हवी आणि सारखी पातळ हवी. जाड राहिली तर मधे ओल धरते आणि पुडक्यात बुरसटते. फार पातळ झाली तर दुकानात पोचेपर्यंत तिचा चुरा होतो.

खोलीत दोन चुली होत्या. एक माझी, एक माझ्या धाकट्या जावेची, सुमनची. माझी चूल कोपऱ्यात होती, तोंड भिंतीकडं. ती भिंत धुरानं काळी झालेली, तिच्यावर पाल फिरायची, पावसात ओल यायची. जगात मला आवडलेली तेवढीच एक जागा. त्या भिंतीनं मला कधी काही विचारलं नाही. पाठीमागं कोण आलं, कोण गेलं, कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं, ते कानावर यायचं, पण कुणी माझ्या तोंडाकडं बघायचं नाही. हात चालू असला की बाईला बोलावं लागत नाही. हे माझं मी फार लहानपणी शिकले होते, मोडनिंबच्या बाजूला, आमच्या शेतातल्या वस्तीवर. पाहुणे आले की मी पीठ मळायची काटवट पुढ्यात ओढायची.

सुमन उलटी. तिची चूल दाराजवळ होती आणि तिचं अर्धं तोंड नेहमी बाहेर. भाकरी थापता थापता ती रस्त्यावरच्या माणसाशी बोलायची, हसायची, दर विचारायची, टोमणा मारायची. तरी तिच्या हातातून भाकरी निघायची ती साच्यातून काढल्यासारखी. तिला त्याचं काही नव्हतं. ज्याला जे आयतं मिळतं त्याची त्याला किंमत नसते.

त्या वर्षी नव्या ज्वारीच्या दिवसांतच दोन गोष्टी एकदम झाल्या. पुण्याच्या दुकानदारानं निरोप धाडला की तुमच्या काही भाकऱ्या मऊ पडतात, काही फुटतात, माल एकसारखा द्या. आणि गौराक्काच्या दुकानात गिऱ्हाईक बघणाऱ्या मुलीचं लग्न ठरलं. गौराक्का मागच्या खोलीत येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, पुण्याचा माल इथून पुढं एकाच हातचा करायचा. तुमच्यातली एक तव्यावर राहील, एक पुढं दुकानात बसेल.

सुमननं लगेच सांगितलं, मला दुकानात बसवा. तिला तेच हवं होतं. पंख्याखाली बसायचं आणि दिवसभर माणसांशी बोलायचं. मला तवा हवा होता. म्हणजे प्रश्न मिटायला हवा होता. पण गौराक्का म्हणाली, तुमच्या हौशीवर माझा धंदा चालत नाही, जिचा हात सारखा ती तव्यावर. मी भिंतीकडं बघत राहिले. तोंडातून एक शब्द काढला असता, मला हितंच ठेवा म्हणाले असते, तर कदाचित तिनं ऐकलं असतं. पण शब्द निघाला नाही. माझे शब्द असेच आहेत, गरज असली की आत जाऊन बसतात.

आता अश्विनीचं सांगते. अश्विनी माझी मुलगी, एकुलती एक. त्या वर्षी ती एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. विषय संख्याशास्त्र. आमच्या घराण्यात बारावीच्या पुढं गेलेली ती पहिली, आणि तिच्यात ते दिसायचं. बोलताना ती बोटानं हवेत रेघा काढायची. तिला परीक्षेआधी प्रकल्प द्यायचा होता, आणि त्यासाठी दोन ठिकाणचे आकडे हवे होते. गौराक्काचं बोलणं तिच्या कानावर गेलं आणि तिला रस्ता सापडला. कुणाचा हात सारखा ते तोलून सांगता येतं, असं तिनं गौराक्काला जाऊन सांगितलं.

गौराक्का म्हणाली, "हौदा? खरं का? मग तूच सांग की गं कुणाचा हात सारखा. तुज्या शिक्षणाचा आमाला काय तरी उपयोग होऊ दे."

अशी माझ्या लेकीनं माझी परीक्षा घ्यायचं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. अश्विनी तेवढं म्हणाली, "आई, तू रोजच्यासारखंच कर. काय येगळं करू नको."

ती इलेक्ट्रिकचा काटा घेऊन यायची, तव्यावरून उतरलेल्या भाकऱ्यांच्या दोन दुरड्या पुढ्यात घ्यायची आणि एकेक भाकरी तोलायची. माझी दुरडी, सुमनची दुरडी. क्रमानं तोलायची नाही, खालीवर करून, सरमिसळ करून. सरमिसळ केली की पक्षपात होत नाही, असं तिचं म्हणणं. काट्यावर आकडा स्थिरावेपर्यंत ती श्वास धरायची. त्या खोलीत निखाऱ्यांची धग, वर तापलेला पत्रा, घामानं पदर चिकटलेला, आणि ही पोर माझ्या भाकरीकडं न बघता भाकरीखालच्या आकड्याकडं बघत बसलेली. मला ते मनातून आवडत नव्हतं. आपण रांधलेलं दुसऱ्यानं खावं, चाखावं, नावं ठेवावी, सगळं चालतं. तोलू नये.

दुपारी घरी ती मला समजावून सांगायची. मी विचारत नसे, तीच सांगे, कारण तिला सांगून सांगून पाठ करायचं होतं. तिचं म्हणणं असं की दोघींच्या भाकऱ्यांची सरासरी काढली तर ती जवळजवळ एकच येते. सरासरीवरून काहीच कळत नाही. बघायचं ते हे, की एकेक भाकरी त्या सरासरीपासून किती लांब आहे. कुणी वर, कुणी खाली. नुसती बेरीज केली तर वरचं खालचं एकमेकाला खाऊन टाकतं, म्हणून प्रत्येक अंतराला त्यानंच गुणायचं, मग बेरीज, मग भागाकार. जे येतं त्याला व्हेरियन्स म्हणायचं.

"म्हंजे पसारा गं आई," ती म्हणाली. "तुज्या हाताचा पसारा किती, काकीच्या हाताचा किती. मग मोठ्याला लहान्यानं भागायचं. एकाच्या आसपास आलं तर दोन्ही हात सारखे. लई वर गेलं तर न्हायीत."

"किती वर?" मी विचारलं. तेवढंच.

त्याला पुस्तकामागं तक्ता असतो, ती म्हणाली. तक्त्यातल्या आकड्याच्या पुढं गेलं की दोन पसारे वेगळे धरायचे. त्याच्या आत असलं तर तो फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो, त्यावरून कुणाला नावं ठेवता येत नाहीत.

ते शेवटचं मला पटलं होतं. मला वाटलं होतं, बरं आहे, या शास्त्राला थोडी लाज आहे.

मधेच एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. काटवटीत पीठ मळून भाकऱ्या करत गेलं की शेवटी तळाला, कडांना चिकटलेलं पीठ उरतं. ते खरडून जो शेवटचा गोळा निघतो तो करणारणीचा, अशी आमच्यात रीत. गौराक्कापण त्याला ना म्हणायची नाही. सुमन तो गोळा कच्चाच गल्लीतल्या गाईला घालायची, कारण तिची दोन्ही पोरं पाव खाणारी. मी त्याची भाकरी करायची. तो गोळा जरा मोठाच निघतो, आणि मी तो पातळ थापत नसे. जाड, मऊ, पापुद्रा सुटलेली भाकरी करायची आणि घरी न्यायची. ती अश्विनीची. तिला दात येत होते तेव्हापासूनची तिची. शेंगाचटणी, वर तेल, आणि ही जाड भाकरी. शाळेतून आली की चप्पल काढायच्या आधी विचारायची, शेवटची ठेवलीस का. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, शेवटची तिची. तिचे वडीलही त्या भाकरीला हात लावत नसत.

त्या दिवसांतही मी ती रोज करत होते. रोजच्यासारखंच कर म्हणाली होती ना. भाजून दुरडीत ठेवायची, कारण दुसरीकडं ठेवायला जागा नव्हती. आणि अश्विनी दुरडी पुढ्यात ओढायची, खालीवर करायची आणि तोलायची. एकदा म्हणाली, "ही जाड झालीय बघ." आणि आकडा लिहिला. त्याच दुपारी घरी तीच भाकरी तिनं मोडली, चटणीला लावली आणि पुस्तकात डोळे घालून खाल्ली.

मला तेव्हा काहीच सुचलं नव्हतं. तोलणं तिचं काम, भाकरी माझं. ती तिचं काम बरोबर करते, असंच मी धरून चालले होते. शिकलेल्या माणसाबद्दल आपण असं धरूनच चालतो.

निकाल सगळ्यांसमोर लागला. खोलीत सुमन होती, गौराक्का होती, निखारे विझत आले होते. अश्विनीनं सांगितलं की भागाकार तक्त्यातल्या आकड्याच्या बराच पुढं गेला. मोठा पसारा आईचा, लहान काकीचा. तिचा आवाज अगदी सरळ होता. त्यात वाईट नव्हतं, चांगलं नव्हतं. भूगोलात नदीची लांबी सांगतात तसा.

सुमन कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बया, मला का चिकटवलीस तव्याला? तुजं शिक्षण माज्या मुळावर आलं की." गौराक्का हसली. मी नाही हसले. मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि पाणी मारलं. वाफ झाली, तेवढ्यात मला तोंड फिरवता आलं.

मला अजून ते ऊन आठवतं, त्या संध्याकाळचं. संध्याकाळी काय ऊन असतं का, पण आमच्याकडं असतं. भिंती दिवसभर प्यायलेलं ऊन संध्याकाळी ओकतात. मी घरी चालत गेले. वाटेत कलिंगडांचे ढीग लागलेले, फोड कापून दाखवणारा माणूस ओरडत होता. लाल, लाल. मला वाटलं, याची एक फोड लाल निघाली म्हणून गाडा लाल असतो का? माणसं सरासरी लगेच विचारतात. बरं चाललंय का, म्हणतात. म्हटलं, बरं चाललंय. आतला पसारा कोण विचारतं? आणि माझ्या लेकीनं विचारला तो सगळ्यांसमोर, आणि तोलून.

दोन दिवसांनी ती कॉलेजातून आली ती तोंड पाडून. तिच्या सरांनी कागदावर ठिपके काढायला लावले होते, भाकरीला एक ठिपका. तिनं तो कागद माझ्यापुढं धरला. सुमनचे ठिपके एका जागी गोळा, मुंग्या साखरेला लागतात तसे. माझेही तसेच. पण माझ्या बाजूला वर, लांब, वेगळे, थोडे ठिपके होते. दुरडीला एक.

"हे बघ," ती म्हणाली, "हे बाहेर पळाल्यात. सर म्हणाले ही टेस्ट असल्या लांबच्या ठिपक्यांनी लगेच बिघडती. हे काढले तर भागाकार तक्त्याच्या आत येतोय आई. म्हंजे तुजा नि काकीचा हात येगळा म्हणता येत न्हाय."

मी म्हणाले, मग काढ.

"तसं काढता येत न्हाय. उगंच नको ते काढलं तर ती लबाडी झाली. ते ठिपके येगळे का, त्याचं कारण पायजे." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "तू काय येगळं करत होतीस का गं?"

मी त्या ठिपक्यांकडं बघत होते. मला ते ओळखू यायला वेळ लागला नाही. आपलं पोर गर्दीत पाठमोरं असलं तरी ओळखू येतं, तसे ते ओळखू आले. रोजची एक. तिच्या ताटातली. तिच्या पोटात गेलेली. आणि ती मला विचारत होती, हे कुठून आले.

तेव्हा माझा तवा माझ्या तोंडात होता. एक वाक्य बोलले असते तर तिनं ते ठिपके काढले असते, गौराक्काला पुन्हा सांगितलं असतं, सुमन हसत दुकानात गेली असती आणि मी माझ्या भिंतीकडं तोंड करून बसले असते. सगळ्यांचं बरं झालं असतं.

"काय की," मी म्हणाले.

"आठव ना जरा."

"काय की बाई. माजा हातच तसला."

ती कागद घेऊन गेली. ठिपके जागेवर राहिले, निकाल जागेवर राहिला. प्रकल्पाला तिला चांगले गुण पडले. कारण सापडलं नाही ते नाही असं खरं लिहिलं म्हणून सरांनी कौतुक केलं, असं तिनं सांगितलं. पेढे आणले होते. मी एक उचलला आणि कपाटावर ठेवून दिला. मुंग्यांनी खाल्ला.

लोक म्हणतील, सांगायचं होतंस. सुमनला कळलं असतं तर तिनं मला चुलीत घातलं असतं. पण का सांगायचं? जी भाकरी दात येण्यापासून खाल्ली ती तिला काट्यावर ओळखू आली नाही. जाड झालीय बघ, म्हणाली. झालीय. केलीय नाही. माझ्या हाताचा चुकून झालेला प्रकार तो. मी सांगितलं असतं तर तिनं ते कारण म्हणून लिहिलं असतं, एका ओळीत, आणि ठिपका काढून टाकला असता. मला तिनं तो काढायला नको होता. ओळखायला हवा होता.

तेव्हापासून मी पुढं दुकानात बसते. गिऱ्हाईक विचारतं, ताजी हाय का, ज्वारीची का बाजरीची, करमाळ्याला न्यायची हाय, फुटंल का. मी मान हलवते. काही जण म्हणतात, बाई मुकी हाय व्हय? मागून सुमनचा आवाज येतो, न्हाय हो, मिजास हाय. सगळे हसतात. पंखा डोक्यावर फिरतो आणि सगळ्यांची तोंडं माझ्या तोंडाकडं असतात. सुमन मागं माझ्या कोपऱ्यात बसते. तिला तो कोपरा तुरुंग वाटतो. पुण्याचा माल आता एकसारखा जातो म्हणे. गौराक्का खूश आहे. शास्त्र खोटं होतं असं मी म्हणत नाही. त्यानं जे पुढ्यात आलं ते तोललं.

घरच्या काटवटीवर मात्र मी तेव्हापासून एक केलं. सगळ्या भाकऱ्या सारख्या करते.

त्या वर्षीची परीक्षा संपली तशी अश्विनी बाहेरगावी गेली, आता लातूरला कॉलेजात शिकवते. सणाला येते ती धावत, दुपारी येते, रात्री जाते, आणि सणाला पोळ्या असतात. या वर्षी पहिल्यांदा नव्या ज्वारीच्या दिवसांत राहायला आली. तपासायचे पेपर घेऊन आली. अंगणात लिंबाची भुकटी पडलेली, तिच्यावर तिच्या चपलांचे ठसे उमटले. आत येताना म्हणाली, काय वास सुटलाय पिठाचा. मी ताट वाढलं. शेंगाचटणी, तेल, भाकरी. तिनं पेपर बाजूला ठेवले, भाकरी हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"आई, शेवटची जाडी न्हाय का केलीस?"

मी तव्यावरच्या भाकरीला पाणी लावत होते.

"आता माजा हात सारखा झालाय," मी म्हणाले.

ती हसायला लागली होती. मग थांबली. भाकरी तिच्या तळहातावर होती आणि ती तशीच धरून बसली, तोलत असल्यासारखी. बाहेर गारेगारवाल्याची घंटा वाजत गेली. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "त्या दुरडीत ती असायची?"

मी काटवट खरडली. शेवटचा गोळा जरा मोठाच निघाला, रोजच निघतो. ती बघत होती.

मी त्याचे दोन सारखे केले.